नऊचा अलार्म

२०२५ च्या मार्चमधली गोष्ट. स्वारगेटहून पाचची सांगली गाडी साडेपाचला हलली. अर्ध्या तिकिटामुळे हल्ली एसटीत आम्हा बायकांचंच राज्य, तेव्हा शेजारी बाई येणार हे ठरलेलंच होतं, फक्त खिडकी तिनं आधी पटकावलेली. चाळिशीच्या पुढची, अबोली साडी, मांडीवर पर्स, पायाशी गच्च भरलेली नायलॉनची पिशवी. साताऱ्यापर्यंत एसटीत जेवढं बोलणं होतं तेवढं झालं, कुठं उतरणार, पुण्यात कोण असतं, ऊन काय कडक पडलंय. लेकीचं बाळंतपण उरकून चालली होती, पेठ नाक्याला उतरणार होती, तिथं भाऊ मोटरसायकल घेऊन येणार होता. नातवाचा फोटो दाखवला. सहापदरीच्या कामानं रस्त्याची पार वाट लागलेली, गाडी दर पाच मिनिटांनी हायवे सोडून खाली उतरायची, धूळ खायची आणि परत वर चढायची. उंब्रजच्या आसपास कुठंतरी तिचा मोबाईल वाजला. फोन नव्हता, अलार्म होता. नऊ वाजले होते. तिनं एका बोटानं तो बंद केला, पर्समधून छोटी स्टीलची डबी काढली, आपण वेलदोडे ठेवतो तसली, त्यातून एक गोळी घेतली, आणि गाडी एवढी हेलकावत असताना पाण्याचा थेंब न सांडता गिळून टाकली. सगळं मिळून अर्धं मिनिट. मी बघत होते. मुद्दाम नाही, पण दोघींच्या सीटवर माणूस दुसरीकडं बघणार कुठं. तिला ते कळलं.

"थायरॉइडची आहे," ती म्हणाली. मी विचारलं नव्हतं.

आणि मी शहाणी. "अहो पण थायरॉइडची सकाळी उपाशीपोटी घेतात ना? माझी आई सहालाच घेते."

ती क्षणभर गप्प बसली, मग म्हणाली, "आमच्या डॉक्टरनी रात्रीचीच सांगितलीय," आणि खिडकीकडं तोंड केलं. बाहेर काळोख, काचेत तिचाच चेहरा, त्यामागं मधूनच एखाद्या ढाब्याची लाल-हिरवी लायटिंग. मला कळायला दोन-तीन किलोमीटर लागले. कळलं तेव्हा कानशिलं गरम झाली. म्हणजे हे ज्याला माहीतच नाही अशा माणसानं विचारलं असतं तर एक वेळ ठीक, मी तर तीन वर्षं त्याच कामावर पगार खाल्लाय.

२००४ ते २००७ मी आमच्या जिल्ह्यातल्या एका छोट्या संस्थेत रिपोर्ट टाईप करायचे. एचआयव्हीचं काम. आउटरीचच्या, म्हणजे वस्तीत फिरून काम करणाऱ्या, बायका शनिवारी कागद घेऊन यायच्या, त्यांनी मराठीत लिहिलेलं मी इंग्रजीत करायचं आणि फॉरमॅटमध्ये बसवायचं. ते मुंबईला जायचं, तिथून दिल्लीला, तिथून पुढं ज्यांचे पैसे त्यांच्याकडं. त्यात एक रकाना होता, गोळी चुकली का, चुकली तर का. कारणांना कोड होते. विसरले, गावाला गेले, त्रास झाला, गोळ्या संपल्या, इतर. एका बाईच्या पुढं आउटरीचवालीनं लिहून आणलेलं, "सासू जागी होती." मी पंधरा मिनिटं त्या एका ओळीकडं बघत बसले असेन. शेवटी 'इतर' टाकलं. त्या महिन्यात 'इतर' फार झाले म्हणून वरून फोन आला, कोड नीट भरा.

त्याच बायकांकडून मी बाकीचं शिकले. सरकारी दवाखान्यातून तीस गोळ्यांची प्लॅस्टिकची बाटली मिळायची, तिचं लेबल गरम पाण्यात बुडवून खरवडून काढायचं. बाटली हलवली की खुळखुळ्यासारखी वाजते, म्हणून आत कापूस कोंबायचा. पुस्तक, म्हणजे एआरटीचं, या गोळ्यांच्या उपचाराचं पुस्तक, तांदळाच्या डब्यात. सीडी फोर, म्हणजे हा विषाणू ज्यांना खातो त्या रक्तातल्या पेशी, पण सीडी फोर कोणी म्हणायचं नाही, नुसतं "पेशी" म्हणायचे. "तुझ्या पेशी किती?" "मागच्या वेळी १४०, आता ३१०." दहावीचे मार्क सांगतात तसं. आणि वेळ. वेळेचं मात्र सगळ्यांचं पक्कं. मोबाईल तेव्हा सगळ्यांकडं नव्हते. एक जण सातच्या मराठी बातम्यांचं म्युझिक लागलं की उठायची, लाईनवरची, म्हणजे धंदा करणारी, एक बाई समोरच्या दर्ग्यातल्या अजानवर गोळी घ्यायची. रात्री झोपताना घ्यायची ती एफाव्हिरेन्झ, तिनं भलतीसलती स्वप्नं पडायची. एक जण सांगायची, रोज रात्री पूर येतो आणि मी म्हशी सोडवत बसते, सकाळी हात दुखतात. हसायची सांगताना.

हे मी एवढं का सांगतेय, तर घड्याळामुळं.

२००१ च्या जूनमध्ये, म्हणजे न्यूयॉर्कला एड्सवर संयुक्त राष्ट्रांचं मोठं अधिवेशन भरलं त्याच महिन्यात, अमेरिकेची परदेशी मदत ज्या खात्यातून वाटली जायची त्या यूएसएड या खात्याचा प्रमुख अँड्र्यू नॅट्सिओस एका पेपरला म्हणाला होता की आफ्रिकेत ही औषधं देऊन उपयोग नाही. का, तर तिथल्या बऱ्याच लोकांनी जन्मात घड्याळ पाहिलेलं नाही, त्यांना पाश्चात्त्य वेळ कळत नाही, आणि ही औषधं तर ठरलेल्या तासाला घ्यावी लागतात. मी हे वाचलं ते नोकरी लागल्यावर, ऑफिसात पडलेल्या कात्रणांच्या फाईलमध्ये, आणि मला आधी राग नाही आला, अजानवाली बाई आठवली. पुढं २००६ मध्ये काही संशोधकांनी ठिकठिकाणचे अभ्यास एकत्र करून बघितले तर नियमित गोळी घेणारे आफ्रिकेत साधारण ७७ टक्के निघाले आणि उत्तर अमेरिकेत ५५. आता बोला. पण तोवर पाच वर्षं गेली होती आणि त्या बोलण्याबद्दल नॅट्सिओसची खुर्ची काही गेली नव्हती.

खरं दुखणं घड्याळाचं नव्हतंच, पैशांचं होतं. तेव्हा तीन औषधांचा कोर्स माणशी वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलरला पडायचा. दक्षिण आफ्रिकेनं स्वस्त औषधं आणायला कायदा केला तर ३९ औषध कंपन्या मिळून सरकारवर केस घालून मोकळ्या झाल्या. एकीकडं त्या कंपन्या आणि दुसरीकडं त्यांचेच राष्ट्राध्यक्ष एम्बेकी, ज्यांना एचआयव्हीमुळं एड्स होतो हेच पटत नव्हतं, आणि आरोग्यमंत्री लोकांना लसूण, लिंबू, बीट खायला सांगत होत्या. मधल्या मधे माणसं मरत होती. झॅकी अचमात नावाचा तिथला कार्यकर्ता स्वतः पॉझिटिव्ह, त्यानं सांगून टाकलं की सगळ्यांना सरकारी दवाखान्यात मिळत नाहीत तोवर मी पण गोळ्या घेणार नाही, आणि वर्षानुवर्षं घेतल्या नाहीत. २००१ च्या मार्चमध्ये प्रिटोरियात केस उभी राहिली, जगभरातून कंपन्यांची एवढी छी-थू झाली की एप्रिलमध्ये त्यांनी ती गपचूप मागं घेतली.

आणि त्याच्या महिना-दोन महिने आधी, फेब्रुवारीत, मुंबईच्या सिप्लाच्या युसूफ हमीदांनी जाहीर केलं होतं की तीनही औषधं आम्ही गरिबांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या संस्थेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये देतो. दिवसाला एक डॉलर पण नाही. पुढं तीनही एकाच गोळीत आणली, सकाळ-संध्याकाळ एक-एक. बाहेर ते कोणाला जमत नव्हतं कारण तीन औषधांचे पेटंट तीन वेगवेगळ्या कंपन्यांकडं, त्या एकमेकींच्या उंबऱ्यावर पाय ठेवायच्या नाहीत. आपल्याकडं १९७० च्या कायद्यात औषधाला पेटंट नव्हतंच, बनवायच्या पद्धतीला होतं, त्यामुळं जमलं. हे वाचून छाती फुगते. माझी पण फुगली होती.

मग मुंबईचा नकाशा डोळ्यापुढं येतो. सिप्लाचं ऑफिस तेव्हा मुंबई सेंट्रलला, बेलासिस रोडवर. तिथून जे.जे. हॉस्पिटल टॅक्सीनं दहा-पंधरा मिनिटं. दोन्हीच्या मधे कामाठीपुरा. गोळी इथं तयार, आफ्रिकेत जायला लागली, आणि जे.जे.त ती फुकट मिळायला २००४ चा एप्रिल उजाडला. सहा राज्यांतल्या आठ हॉस्पिटलांत सुरुवात झाली त्यातलं ते एक. तीन वर्षं. तीन वर्षांत त्या बेलासिस रोडच्या मागच्या गल्ल्यांमधून किती जणी गेल्या असतील ते कुठल्या फॉरमॅटमध्ये आलं नाही. आमचं सरकार तेव्हा म्हणायचं, आधी प्रतिबंध, उपचार परवडत नाही. नॅट्सिओस जे बोलला ते आमच्याकडच्या साहेबांनी फक्त मोठ्यानं बोलून दाखवलं नव्हतं.

आमच्या गल्लीतले एक काका १९९९ ला गेले. द्राक्षांचा ट्रक घेऊन कलकत्त्यापर्यंत जायचे. घरातले कावीळ म्हणायचे, गल्ली काही म्हणायची नाही, फक्त त्यांच्या घरचा चहा घेणं बंद झालं होतं. मी कॉलेजात होते, आई मला म्हणाली तिथं जाऊ नको, आणि मीही गेले नाही. काकूंनी गुळवेल उकळून पाजली, कोणातरी बाबाच्या पुड्या आणल्या, पुण्याच्या डॉक्टरनी लिहून दिलेल्या गोळ्या दोन महिने आणल्या मग अर्धा एकर विकून अजून चार महिने आणि मग थांबल्या. कोणाला म्हणजे कोणालाही त्यात दोष देता येईल असं नव्हतं. काकांचं ताट-वाटी शेवटी काकूंनी स्वतःच घासून बोहारणीला दिलं, पातेलं घेतलं त्यावर. पुढं जेव्हा मी उपचार मधेच सुटलेल्यांपुढं "लॉस्ट टू फॉलो अप" असं टाईप करायचे तेव्हा मला दर वेळी ते पातेलं दिसायचं.

फुकट सुरू झालं म्हणून लगेच मिळायला लागलं असं पण नव्हतं. पेशी २०० च्या खाली आल्याशिवाय गोळी सुरू होत नव्हती. म्हणजे अडीचशे असतील तर जा घरी, थोडी अजून आजारी पड, मग ये. पॉझिटिव्ह निघालेल्या प्रत्येकाला लगेच गोळी, हे आपल्याकडं २०१७ ला झालं. आणि सुरुवातीच्या त्या स्वस्त गोळीत स्टॅव्युडिन असायचं, त्यानं पायांची आग व्हायची आणि गालफडं बसायची. डोळ्यांखाली खड्डे, कपाळाच्या शिरा वर. ज्या रोगाची खूण लपवायला लेबल खरवडायचं तीच खूण औषधानं चेहऱ्यावर आणून ठेवली. आउटरीचवाल्या बाजारात चालताना मला कोपरानं ढोसायच्या, "ती बघा, गोळीवाली." श्रीमंत देशांनी ते औषध बाजूला सारायला सुरुवात केलेलीच होती, डब्ल्यूएचओनं बाकीच्यांना ते हळूहळू बंद करा म्हणून सांगितलं २००९ मध्ये. स्वस्त होतं ना. जीव वाचले, ते खोटं नाही, पण चेहरे गेले, आणि त्या चेहऱ्याच्या बायकांना "मग मेली असतीस का?" असं विचारायची सोय नाही कारण उत्तर त्यांनाही माहीत असतं.

पैसा आला तो पण असाच आला, एका हातानं देत दुसऱ्या हातानं कान धरत. २००३ च्या जानेवारीत बुशनं १५ अब्ज डॉलर जाहीर केले, पाच वर्षांसाठी. भाषणात त्यानं औषधाची किंमत वर्षाला बारा हजार डॉलरवरून तीनशेच्या खाली आल्याचं सांगितलं. ती खाली आणली कोणी, तर आपल्याकडच्या कंपन्यांनी, पण सुरुवातीला त्या पैशातून त्यांचीच गोळी घ्यायची परवानगी नव्हती, अमेरिकेच्या एफडीएचा, म्हणजे औषधांना परवाना देणाऱ्या खात्याचा, शिक्का हवा. शिक्के मिळायला लागेतो दोन वर्षं गेली. आणि अट अशी की संस्थेनं लिहून द्यायचं, आम्ही वेश्याव्यवसायाच्या विरोधात आहोत. आता जिथं सगळं काम लाईनवरच्या बायकांबरोबर, त्यांच्याच हातून, त्यांच्याच खोल्यांत बसून चालतं तिथं असा कागद भिंतीवर लावून कोण आत घेईल? ब्राझीलनं २००५ मध्ये चार कोटी डॉलरवर पाणी सोडलं पण सही नाही केली. आमच्या सांगलीत याच बायकांबरोबर काम करणाऱ्या संग्राम संस्थेनं सही केली नाही आणि पैसे परत केले. याचा आम्हाला केवढा अभिमान वाटला होता, चहाच्या टपरीवर तेच बोलणं. आमच्या संस्थेकडं तो कागद आला तेव्हा मात्र साहेबांनी मला मराठी करून द्यायला सांगितलं, मी "विरोध" हा शब्द तीनदा खोडला, "असहमती" लिहिलं, परत "विरोध" केलं, आणि सही झाली. आउटरीचच्या बायकांना कोणी वाचून दाखवलं नाही. माझा पगार त्यातूनच होत होता. चार हजार दोनशे.

मग २००७ च्या जुलैमध्ये आकडाच बदलला. तोवर भारतात पन्नास लाखांच्या वर पॉझिटिव्ह, जगात एक-दोन नंबरला आपण, अमेरिकेच्या गुप्तचर खात्याशी संबंधित एका अहवालात तर २०१० पर्यंत दोन ते अडीच कोटी होतील असं आलेलं. नवी पाहणी झाली आणि आकडा आला साधारण पंचवीस लाख. एका दुपारी निम्म्याहून जास्त माणसं बरी झाली म्हणा ना. आमच्या ऑफिसात खरं तर पेढे वाटायला हवे होते. साहेब डोकं धरून बसले, पुढच्या वर्षीचं प्रपोजल गेलेलं होतं, त्यातला पहिलाच परिच्छेद "भारतात ५२ लाख" असा. "आता पैसे आटणार," ते म्हणाले, आणि मला पण वाईटच वाटलं, कमी माणसं आजारी आहेत याचं. ते वाटणं मी कोणाला सांगितलं नाही. तीन महिन्यांनी मी नोकरी सोडली, कारण वेगळं होतं, लग्न, पण निघताना हलकं वाटलं.

तर त्या रात्री गाडीत हे सगळं एकामागून एक वर येत होतं आणि शेजारी ती काचेकडं तोंड करून. जानेवारीपासून पेपरमध्ये तेच चाललं होतं, ट्रम्पनं खुर्चीवर बसल्या दिवशीच परदेशी मदत नव्वद दिवस थांबवली, मग "काम थांबवा" असा हुकूम निघाला, आफ्रिकेत लोक गोळ्या घ्यायला आले तर दवाखान्याला कुलूप. जीव वाचवणारं काम त्यातून वगळलंय असं मागाहून सांगितलं, पण पगार द्यायला, गाडी काढायला परवानगी कोणाची ते कोणालाच ठाऊक नाही. हैदराबादमधलं तृतीयपंथीयांसाठीचं मित्र क्लिनिक बंद पडलं, ठाण्या-पुण्यातलंही. नव्वद दिवस हा शब्द मला टोचत राहिला. तीस गोळ्यांची बाटली. नव्वद दिवस म्हणजे तीन बाटल्या. तिकडं कोणी हा हिशोब केला असेल का? आपल्याकडं गोळ्या बहुतेक सरकारच्याच पैशातून, म्हणून आपण वाचलो असं म्हणावं तर २०२२ साली दिल्लीत नॅकोच्या, म्हणजे सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेच्या, ऑफिसबाहेर पॉझिटिव्ह लोक चाळीसहून जास्त दिवस बसून होते, गोळ्यांचा तुटवडा म्हणून. महिन्याच्या जागी काही दिवसांपुरत्या देत होते, परत या, परत या. रोजंदारी बुडवून, एसटीनं, परत या. आणि तरी तोच अमेरिकेचा पैसा, ज्याच्या अटींवर आम्ही दात खायचो, त्यानं अडीच कोटी जीव वाचले असं ते सांगतात आणि ते थापा मारतायत असं मला नाही वाटत. मला त्या पैशाचा राग पण आहे आणि तो थांबला तर पोटात गोळा पण येतो.

त्यानंतर सप्टेंबरमध्ये वाचलं, लेनाकापाविर, सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन, लागणच होऊ नये म्हणून. अमेरिकेत वर्षाला २८ हजार डॉलर, आणि आपल्या हैदराबादच्या कंपन्या २०२७ पासून ते १२० देशांना ४० डॉलरमध्ये देणार. ब्राझील, अर्जेंटिना, मेक्सिको त्या यादीत नाहीत, चाचण्या त्यांच्याही माणसांवर झाल्या होत्या तरी. परत तेच. वर्षातून दोनदा म्हणजे डबी नाही, कापूस नाही, अलार्म नाही. हे वाचताना मला ती बाईच आठवली, जरी तिच्यासाठी ते नव्हेच.

कराड गेलं. गाडीतले दिवे कंडक्टरनं मालवले होते. मला माफी मागायची होती पण कशाची मागणार, माफी मागितली की मला कळलंय हे तिला कळणार. शेवटी मी म्हटलं, "आमच्या शेजारी एक आहेत, त्या पण थायरॉइडची रात्रीच घेतात, आत्ता आठवलं." सपशेल खोटं. ती वळली. अंधारात चेहरा नीट दिसला नाही. "घेत असतील," म्हणाली. जरा वेळानं पर्समधून खोबऱ्याची वडी काढून हातावर ठेवली, बाळंतपणाच्या घरची, वेलदोड्याच्या वासाची, जास्त गोड. मी खाल्ली.

पेठ नाक्याला गाडी थांबली तसा खाली मोटरसायकलचा हॉर्न वाजला. ती पदर खोचून दरवाजातून उतरली आणि खालून खिडकीशी आली. "ताई, तेवढी पिशवी द्या की." नायलॉनची पिशवी चांगलीच जड होती, वर मेथीची जुडी, खाली काय काय. मी ती खिडकीतून तिरकी करून बाहेर काढताना, द्यायला नको होता पण, कान दिला. काहीच वाजलं नाही. तिनं खालून दोन्ही हातांनी झेलली, "या कधी आमच्याकडं," म्हणाली, पत्ता न सांगता, आणि कंडक्टरनं डबल बेल मारली.